बर्फातली चाकोरी

'चाकोरी' हा शब्द आपण सगळेच वापरतो. 'चाकोरीबाहेरचा विचार', 'चाकोरीबद्ध आयुष्य' वगैरे. वर्गात हा शब्द आला की मी मुलांना विचारायचो, चाकोरी पाहिली आहे का कुणी? शेवटची काही वर्षं एकही हात वर होत नसे.

चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी वाटेत पाडलेला चर. माझ्या लहानपणी आमच्या गावाला डांबरी सडक नव्हती. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतून चर पडायचे, दिवाळीनंतर ते वाळून दगडासारखे व्हायचे आणि मग उन्हाळा संपेपर्यंत प्रत्येक गाडी त्याच चरातून जायची. गाडीवानाला डुलकी लागली तरी गाडी घरी यायची, ती बैलांच्या हुशारीने जेवढी, तेवढीच चाकोरीमुळे. पण समोरून दुसरी गाडी आली आणि चाक चाकोरीबाहेर काढायची वेळ आली, की बैलांचे खांदे आणि गाडीवानाचे दंड यांची परीक्षा असे.

तर हा शब्द वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मला पुन्हा उपयोगी पडला, तो अमेरिकेत. मिनेसोटा राज्यात, लेक सुपिरियरच्या काठावर डुलुथ नावाचं गाव आहे. तिथे माझा मुलगा, सूनबाई आणि नात राहतात. २०२४ च्या नोव्हेंबरात मी गेलो, २०२५ च्या एप्रिलात परतलो. आल्यावर ज्याने त्याने फोनवर विचारलं, "एवढे महिने तिकडे केलंत काय?" मी म्हणायचो, "मुलाच्या स्नोमोबाईलला नव्या स्की बसवल्या." की पलीकडे शांतता! म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. कंटाळा आला तर मधला भाग गाळून वाचा.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी : मागच्या बाजूला रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा, मोटारसायकलसारखं हँडल आणि सीट, आणि पुढे चाकांच्या जागी दोन स्की. इंजिन पट्टा फिरवतं, त्यामुळे गाडी पुढे जाते. वळवायचं काम फक्त स्कींचं. वजन साधारण अडीचशे किलो. स्की म्हणजे साडेतीन फूट लांबीची, पुढून वर वळलेली चिवट प्लॅस्टिकची फळी. तिच्या पोटाखाली मधोमध एक उंचवटा असतो, होडीच्या कण्यासारखा. आणि त्या कण्याच्या तळाशी एक पोलादी सळई बसवलेली असते. सळईत टंगस्टन कार्बाईडचे धारदार तुकडे जडवलेले असतात. आपल्याकडे बोअर मारणाऱ्या गाडीच्या बिटाच्या तोंडाला जे कठीण दाणे असतात, तोच पदार्थ. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर प्लॅस्टिक नुसतं घसरत जातं. वळण घेतं ते या काही इंचांच्या धारेवर.

बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोहार लोखंडी पट्टी तापवून चढवायचा, तिला आम्ही 'धाव' म्हणायचो. मी या सळईला पहिल्या दिवसापासून धाव म्हणायला लागलो आणि घरात तेच नाव पडलं. नात सोळा वर्षांची. 'ळ' तिला अजून नीट म्हणता येत नाही, पण 'धाव' स्वच्छ म्हणते.

आता या स्की बदलायची वेळ का आली ते सांगतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात डुलुथला १४० इंच बर्फ पडला. नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका कधी पडला नव्हता. त्या राज्यात स्नोमोबाईलसाठी सुमारे २२,००० मैलांच्या वाटा आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक गावोगावचे क्लब स्वयंसेवकांच्या जोरावर राखतात. त्या वर्षी सगळ्या वाटांवर जत्रा. फेब्रुवारी २०२३ मधल्या एका रविवारी दुपारी मुलगा आणि त्याच्या मागे बसलेली नात, ती तेव्हा चौदा वर्षांची, जंगलातल्या वाटेवरून परत येत होते. दोन दिवसांत शेकडो गाड्या जाऊन वाटेवर चर पडले होते आणि थंडीने ते कडक झाले होते. एका वळणावर समोरून गाडी आली आणि नेमकी त्याच क्षणी मुलाच्या गाडीची स्की एका आडव्या चरात शिरली. चर जात होता डावीकडे, म्हणजे समोरच्याच्या अंगावर. हँडल हातातून हिसकल्यासारखं झालं. मुलाने सारा जोर लावून गाडी ओढली आणि दोन्ही गाड्या हातभर अंतरावरून निघून गेल्या.

झालं काहीच नाही. नातीने घरी येऊन हसत हसत सांगितलं. सूनबाई हसली नाही. ती तिथल्या इस्पितळात नर्स आहे. या गाड्यांवरून पडून आलेली माणसं तिने पाहिली आहेत. ती एवढंच म्हणाली, "एक तर गाडी विका, नाहीतर हे ओढणं थांबल्याचं मला दाखवा. तोवर माझी मुलगी त्यावर बसणार नाही."

पुढचा, म्हणजे २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटात जवळजवळ बर्फाविनाच गेला. गाडी गॅरेजात झाकून पडलेली आणि विकायची की ठेवायची हा विषय दर रविवारी निघायचा. मी फोनवर ऐकत होतो. वरवर पाहता ही एका हौसेच्या यंत्राची गोष्ट. पण मुलगा आणि नात एरवी एकमेकांशी किती बोलतात ते मी तिथे राहून पाहिलं आहे. जेवताना चार शब्द, त्यातले दोन 'हो' आणि 'नाही'. या गाडीवरून फिरून आले की मात्र दोघं गॅरेजात तासभर बोलत बसायचे. ते बंद पडलं होतं. सूनबाईचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि तिलाही हे बंद पडलेलं दिसत होतं.

असो. गाडी चरात शिरून आपल्याला हव्या त्या दिशेऐवजी चराच्या दिशेने ओढली जाते, याला तिकडे 'डार्टिंग' म्हणतात. मुलगा मला इंग्रजीतून समजावत होता. मी म्हटलं, "अरे, ही तर चाकोरी!" आधीच्या गाड्यांच्या धावांनी बर्फात बारीक रेघा कापलेल्या असतात. आपल्या स्कीखाली एकच धाव असेल तर ती अलगद त्या रेघेत बसते आणि मग रेघ नेईल तिकडे स्की जाते.

उपाय काय? मुलाला लगेच नव्या स्की मागवायच्या होत्या. दुकानातला वयस्कर कारागीर मात्र म्हणाला, आधी आहे ते तपासा. धाव वाकली आहे का, तिची धार गोल झाली आहे का, स्टिअरिंगच्या सांध्यांतले बुश ढिले झालेत का, आणि पुढच्या भागावर वजन जास्त येतं आहे का. मागच्या पट्ट्याच्या सस्पेन्शनमध्ये एक आवळपट्टा असतो. तो आवळला की स्कींवरचा दाब वाढतो, सैल केला की कमी होतो. दाब जास्त तर धाव खोल रुतते आणि जास्त ओढते. दाब फारच कमी केला तर वळणावर गाडी सरळच जाते. नांगराचं असंच असतं. फाळ किती खोल जाऊ द्यायचा हे जमिनीवर ठरतं.

तपासणीत दोन बुश ढिले निघाले, ते बदलले. पण मूळच्या स्कीचा कणा अरुंद, एकेरी, आणि घासून नागमोडी झालेला. कंपनीने ही स्की कुणासाठी काढली होती देव जाणे. स्की बदलायच्या हे नक्की झालं.

निवड करताना मात्र बापलेकीचं जुंपलं. बाजारात तऱ्हा पुष्कळ. सी अँड ए प्रो, कर्व्ह, स्लायडॉग, आयडाहोची एसएलपी, अशी नावं मुलाच्या तोंडून मी इतकी ऐकली की मला पाठ झाली. ढोबळ मानाने असं : डोंगरातल्या भुसभुशीत बर्फासाठी रुंद स्की, सात-आठ इंचांची, म्हणजे गाडी बुडत नाही. जंगलातल्या दाबलेल्या वाटांसाठी अरुंद आणि खोल कण्याची, म्हणजे वळण नीट पकडते. काही स्कींना मुळातच दोन समांतर कणे असतात, सिमन्सची फ्लेक्सी-स्की त्यातली. शिवाय धावही जोडधारेची मिळते. दोन धारांपैकी एक रेघेत पडली तरी दुसरी बाहेर असते, त्यामुळे स्की रेघेत पुरती बसत नाही. धावेवर कार्बाईड चार इंच, सहा इंच की आठ इंच, हाही प्रश्न. जितकं लांब तितकी बर्फावर पकड जास्त आणि तितकंच हँडल जड.

मुलाचा कल सर्वांत खोल कणा आणि आठ इंची कार्बाईडकडे. त्याच्या मनात तो फेब्रुवारीतला चर होता. नात म्हणाली, "बाबा, चालवणार कोण?" तिने तोवर सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा केला होता. (मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हे प्रमाणपत्र लागतं. म्हणजे तिच्या बापालाही लागलं.) तिला आता मागे बसायचं नव्हतं. तिचं वजन पन्नास किलोही नाही. बापाचे दंड जे हँडल वळवतील ते तिला वळवता येईल का?

गंमत म्हणजे दुकानातल्या त्या कारागिराने नेमके हेच प्रश्न विचारले. कुठे चालवता? मागच्या पट्ट्याला खिळे मारलेत का? चालवणारा कोण? खिळ्यांचा प्रश्न मला आधी कळला नाही. मग त्याने सांगितलं : पट्ट्याला खिळे असतील तर मागची पकड फार वाढते, मग पुढेही तेवढी पकड लागते, नाहीतर वळताना मागचा भाग पुढच्याला ढकलत सरळ नेतो. मुलाच्या गाडीला खिळे नव्हते. म्हणजे आठ इंचांची गरजही नव्हती. चालवणारी लेक आहे म्हटल्यावर तो म्हणाला, मध्यम कणा, जोडधारेची धाव, कार्बाईड चार इंच. मुलगा जरा हिरमुसला. मला मात्र तो माणूस आवडला. शाळेत वह्या-पुस्तकं विकायला येणाऱ्यांत असा एकही भेटला नाही, जो म्हणेल की एवढी जाडी वही तुमच्या चौथीच्या पोराला नको.

तीनशे डॉलरच्या वर गेले ते स्कींचे. धावा वेगळ्या आणि बसवायचा संच वेगळा. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे : स्की कुठलीही घ्या, ती गाडीच्या स्पिंडलला जोडायचा संच त्या मॉडेलचाच लागतो. बोल्टची जाडी आणि स्पिंडलची रुंदी प्रत्येक कंपनीची निराळी.

एक गोष्ट मध्येच सांगतो. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला रोझो नावाचं छोटं गाव आहे. पोलारिसच्या गाड्यांचा जन्म तिथला. १९५५-५६ च्या सुमारास शेतीची अवजारं बनवणाऱ्या तिथल्या एका वर्कशॉपात पहिली गाडी जोडली गेली. तिच्या स्की म्हणजे जुन्या शेव्हर्ले मोटारीचा बंपर कापून केलेल्या होत्या, असं सांगतात. पट्ट्यासाठी धान्य वर चढवायच्या यंत्राची साखळी. हे ऐकून मला आमच्या गावचा लोहार आठवला. त्याच्याकडेही मोडक्या ट्रकच्या पाट्याचे कोयते होत. कॅनडातल्या बोंबार्डिएची गोष्ट मात्र वेगळी. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या आजाराने गेला, कारण बर्फातून इस्पितळ गाठायला वाहन नव्हतं. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे त्याचे प्रयोग आधीपासून चालू होते, पण त्यानंतर त्याने जन्मभर तेच केलं. १९५९ साली त्याची हलकी स्की-डू बाजारात आली. ही गोष्ट मी सूनबाईला सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बाबा, तरी ब्रेक बघून घ्या."

डिसेंबरात एका शनिवारी काम काढलं. बाहेर उणे पंधरा. गॅरेजात छोटा हीटर, आणि मी स्वेटरवर स्वेटर घालून बादलीवर बसलेलो. जुन्या स्की निघायला वीस मिनिटं. नव्या स्कीला आधी धाव बसवायची : तिचे आटे कण्यातल्या भोकांतून वर काढून वरून नट आवळायचे. मग स्पिंडल आणि स्की यांच्यामध्ये एक रबरी ठोकळा येतो. गाडी उसळली तर स्कीचं टोक खाली पडू नये म्हणून तो. हा ठोकळा पाचरीसारखा उतरता असतो आणि तो उलटा बसला तर टोक खाली झुकून बर्फात घुसतं. नातीने खुणेच्या खडूने त्यावर बाण काढला तेव्हाच पुढे गेलो. बोल्टला नवा नट, टॉर्कच्या पान्याने मॅन्युअलात दिलेल्या आकड्याइतका आवळायचा. आवळल्यावरही स्की बोल्टभोवती वरखाली मोकळी हलली पाहिजे.

मुलाला वाटलं, झालं. मी म्हटलं, दोरी आहे का घरात?

बत्तीस वर्षांत मी खो-खोची मैदानं किती आखली असतील याची गणती नाही. फक्कीची रेघ डोळ्यांना सरळ दिसते आणि दोरी लावली की चार बोटं चुकलेली निघते. स्की सरळ आहेत की नाही हेही दोरीनेच पाहायचं असतं, मॅन्युअलातही तसंच काहीसं आहे. हँडल बरोबर मध्ये आणून बांधलं. सामान बांधायच्या लवचिक दोरीने दोन्ही स्कींची टोकं एकमेकांकडे ओढून धरली, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा निघून जातो. मग मागच्या पट्ट्याच्या कडेला टेकवून लांब दोरी पुढे स्कीच्या बाजूने ताणली. एक टोक नातीकडे, एक माझ्याकडे. दोरीपासून धावेपर्यंतचं अंतर बोल्टच्या पुढे मोजायचं आणि मागे मोजायचं.

दोन्ही स्की पुढच्या बाजूला किंचित बाहेर उघडलेल्या हव्यात. आमच्या गाडीला दोन्ही मिळून तीन ते सहा मिलिमीटर सांगितलं होतं. म्हणजे धावताना दोन्ही स्की एकमेकींपासून दूर ओढत राहतात, सांधे ताणलेले राहतात आणि हँडल डगमगत नाही. टोकं आत वळलेली असली की गाडी भिरभिरते. आमचं मोजमाप निघालं : उजवी नऊ मिलिमीटर बाहेर, डावी दोन मिलिमीटर आत! आणि टाय रॉड तर जुनेच होते, त्यांना आम्ही हातही लावला नव्हता. म्हणजे ही गाडी त्या फेब्रुवारीतही बहुधा अशीच वाकडी धावत होती.

तिघंही गप्प झालो. मुलगा म्हणाला, "म्हणजे नव्या स्की उगाच घेतल्या?" मला तसं वाटत नाही. जुन्या कण्याची अवस्था मी पाहिली होती. पण नुसत्या नव्या स्की बसवून, दोरी न लावता गाडी बाहेर काढली असती तर तीनशे डॉलर घालवूनही ती आडवीच गेली असती. टाय रॉडचे चेकनट सैल करून रॉड अर्धा अर्धा आटा फिरवत, पुन्हा मोजत, जेवणाच्या वेळेपर्यंत दोन्ही बाजू दोन-दोन मिलिमीटर बाहेर आणल्या. आकडे नातीने पेन्सिलीने गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवले आहेत, तारखेसकट.

त्या हिवाळ्यातही बर्फ उशिरा आणि थोडाच. फेब्रुवारीत मात्र एक शनिवार-रविवार चांगला मिळाला. सूनबाईने मुद्दाम रविवारची दुपार निवडली, वाट सर्वांत चिरलेली असते तेव्हाची. म्हणाली, "आधी मी." मुलगा मागे बसायला निघाला तर त्यालाही उतरवलं. आम्ही तिघं वाटेच्या तोंडाशी उभे. मी मफलरीत फक्त डोळे उघडे ठेवून. इंजिनाचा आवाज झाडीत विरला आणि वीस मिनिटं काही नाही. मुलाने तीनदा घड्याळ पाहिलं.

ती आली, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं. म्हणाली, "चर कळतात. पण ओढत नाहीत. हँडल थोडं जड आहे." मग नातीकडे पाहून, "तुला जमेल. पण पहिल्या दिवशी तीसच्या वर नाही, आणि बाबा मागे बसतील." (सार्वजनिक जागेत कायद्याची मर्यादा ताशी ५० मैल आहे. सूनबाईची तीस.) पन्नास किलोची पोर पुढे आणि ऐंशी किलोचा बाप मागे, असे ते दोघं गेले. सूनबाई आणि मी मोटारीत बसून थर्मासमधला चहा प्यालो. ती बोलली काही नाही, पण दोन कप घेतले.

त्या संध्याकाळी बापलेक गॅरेजात किती वेळ होते ते मला माहीत नाही. मी नऊला झोपलो.

जुन्या स्की अजून तिथेच कोपऱ्यात उभ्या आहेत. शेजारच्या मुलांनी घसरगाडीसाठी मागितल्या आहेत. धावा काढून द्या, असं मी मुलाला निघताना सांगून आलो आहे.